जीभ वर कर

माझी सून केसर पंधरा दिवस हिवतापाने अंथरुणात होती. कोयनेलचं कडू औषध मीच पाजत होते, बाटलीवरच्या कागदी पट्टीच्या खुणेबरहुकूम. तरी ताप उतरेना, म्हणजे ही औषध गालात धरून मागीलदारी थुंकत असणार. 'आ कर, जीभ वर कर,' म्हणत तोंडात बोट घालून तपासायचे, तेही बोंबील वाळवणाऱ्या बायांदेखत. 'कामाचं सांगितलं की बाईसाहेब बहिऱ्या होतात,' म्हणायचे. बाया हसायच्या. आज अलिबागच्या डॉक्टरने केसरच्या कानाशी वाकून विचारलं, 'कानांत घुमतंय, ऐकू कमी येतं?' तिने मान डोलावली. 'आजीबाई, हे कोयनेलनेच होतं. पोरीने सगळं गिळलंय. हा तापच औषधाला जुमानत नाही.' दारातल्या बाया माझ्याकडे वळल्या. नवं औषध मी केसरच्या ओठांशी धरलं. तिने ते गिळलं, आणि मी काही बोलायच्या आत तोंड उघडून जीभ वर केली.