ठिपका हलत नाही

संघमित्राने खांद्यावरची बॅग अजून खाली ठेवली नव्हती, तोवर सीताराम घाडी ऑफिसात येऊन उभे राहिले. आज सलग तिसरा दिवस.

परळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ती एजन्सी होती. मालवाहू बोटींवर खलाशी पाठवायची. आपला माणूस कुठे आहे ते घरच्यांना कळावं म्हणून एजन्सीच्या वेबसाइटवर एक पान होतं. त्या पानात एक चौकट, चौकटीत समुद्राचा नकाशा, नकाशावर बोटीचा लाल ठिपका. नकाशा दुसऱ्या कंपनीचा. संघमित्राने तो आपल्या पानात बसवला होता.

घाडींचा मुलगा अजित ज्या बोटीवर होता तिचा ठिपका सोमवारपासून ओमानच्या किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात एकाच जागी उभा होता. आज गुरुवार. त्या भागात वादळ आहे असं टीव्हीवर सांगत होते.

मंगळवारी तिने त्यांना समजावलं होतं की बोट अडकलेली नाही, चौकट अडकली आहे. बाहेरचं पान ताजं होतं, आतलं जुनंच राहतं, होईल नीट. झालं नाही. बुधवारी तिने ब्राउझरमधलं जुनं सगळं पुसलं, दुसरा ब्राउझर लावून बघितला, स्वतःच्या मोबाइलवर बघितलं. ठिपका तिथेच. मग तिलाच आपल्या बोलण्याची खात्री वाटेना.

मालक हितेंद्र कोचीला गेला होता. बोटीचा फोन लागत नाहीये, वादळात असं होतं, पानाचं काय ते सोमवारी बघू, असं त्याने फोनवर सांगितलं. सोमवारपर्यंत हा माणूस कसा तग धरणार, हे तिने त्याला विचारलं नाही.

घाडींची दाढी वाढली होती. चहा त्यांनी आजही नको म्हटला. ते रडत नव्हते, भांडत नव्हते. तेच तेच विचारत होते. बोट बंदराला कधी लागणार? लागली की पोरांच्या मोबाइलला लगेच रेंज येते काय? लगेच येते, असं ती म्हणाली. त्यावर त्यांनी मान खाली घातली.

काकी कशा आहेत, असं तिने विचारलं.

"ती शांत आहे," घाडी म्हणाले. "मलाच काय सुचत नाय."

लालबागला चाळीत आणि गावाला मालवणात त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की अजितला कोणी मेसेज टाकायचा नाही, आधी ते स्वतः बोलणार. चाळीतली पोरं ऐकतील की नाही याचा त्यांना भरवसा नव्हता. वादळातून आलेल्या पोराला कोणी आणखी घाबरवू नये म्हणून असेल, असं संघमित्राला वाटलं.

ती कोड उघडून बसली. नकाशाचा पत्ता वेगळा उघडायला गेली तर परवानगी नाही असं उत्तर आलं. चौकट दर मिनिटाला ताजी व्हावी म्हणून तिने एक ओळ घातली. चौकट दर मिनिटाला लुकलुकू लागली आणि दर मिनिटाला तोच समुद्र, तोच ठिपका दाखवू लागली. अकरा वाजले. घाडी तिच्या खुर्चीमागे उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

तिने आणखी एक बदल केला. चौकट पांढरी झाली. मग निळा समुद्र आला. ठिपका नव्हता.

"खंय गेली बोट?" घाडींनी हळूच विचारलं.

त्यांनी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. तिने घाईघाईने केलेलं मोडलं. ठिपका परत आला, सोमवारच्याच जागी. आपण बसवलेल्या एवढ्याशा चौकटीपायी या माणसाचा जीव जाईल असं तिला वाटलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं. चौकटीला ती दर वेळी एकच पत्ता देत होती. पत्ता तोच म्हटल्यावर नकाशावाल्या कंपनीचा सर्व्हर नवं काही काढतच नव्हता, सोमवारी साठवलेली जुनी प्रतच प्रत्येक ब्राउझरला, प्रत्येक मोबाइलला पुढे करत होता. तिने पत्त्याच्या शेवटी त्या क्षणाची वेळ जोडली. आता दर वेळी पत्ता नवा, म्हणजे नकाशाही नवा आणावाच लागणार.

चौकट पांढरी झाली. समुद्र आला. ठिपका आला, पण भर समुद्रात नाही. किनाऱ्याला चिकटून, सलालाच्या बंदरात. खाली लिहिलं होतं, बोट पोचून वीस मिनिटं झाली.

"काका, लागली," ती म्हणाली. "सुखरूप लागली बोट."

घाडी तीन दिवसांत पहिल्यांदा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तिला आनंद शोधूनही सापडेना. इतक्या दिवसांचा ताण एकदम कसा उतरेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यांच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर अजितचं नाव होतं. फोन वाजत राहिला. घाडी त्याच्याकडे बघत राहिले.

संघमित्राने डोळे पुसले आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. "उचला ना काका. पहिला फोन त्याने तुम्हालाच केलाय."

"हा फोन माझा नाय, बाय," घाडी म्हणाले. "त्याच्या आईचा आहे. तिला जाऊन आज पाच दिवस झाले."