पिक अपचा तास

“बाई, एकदम बघू नका,” पुढच्या बाकावरून टेलरमावशी पुटपुटली. “मागे तो कोटवाला बसलाय ना, तोच तपासणीचा साहेब.”

बाईंनी बघितलंच. “असू देत. त्यांनाही शिकू द्या,” त्या म्हणाल्या.

मोठ्या माणसांसाठी चालणाऱ्या या फुकट इंग्रजी वर्गाचा आज फैसला होता. जुने मास्तर बदलून गेले, नवीन शिक्षक आजच येणार आणि तपासणीही आजच. साहेबांना वर्ग पसंत पडला नाही, तर कुलूप. वर्गातला ड्रायव्हरदादा म्हणाला होता, दुसरा छंद लावून घेऊ. पण मावशीचा परदेशातला नातू फोनवर फक्त इंग्रजीतच चिवचिवायचा आणि आजी आपली “येस, येस” करत वेळ मारून न्यायची. तिला या वर्गाशिवाय दुसरा वाली नव्हता.

म्हणून तर बाई दारात दिसल्या तशी ती लगबगीने उठली आणि काही विचारायच्या आत त्यांच्या हातात खडू ठेवून मोकळी झाली. बाईंनी क्षणभर खडूकडे बघितलं, हसून सगळ्यांची कामंधामं विचारून घेतली आणि त्या सरळ फळ्याशी गेल्या. कोटवाला नंतर उगवला. दारात घुटमळला, बाईंकडे बघून त्याचं तोंड उतरलं आणि तो मागे जाऊन बसला.

फळ्यावर दोनच शब्द होते. पिक अप.

“म्हणजे काय?”

“उचलणे!” सगळा वर्ग ओरडला.

“ड्रायव्हरदादा, सकाळी मुलांना घरून शाळेत नेता, त्यालाही पिक अपच म्हणतात. मुलांना उचलता का तुम्ही?”

“दोघांना उचलूनच गाडीत कोंबावं लागतं, बाई!”

वर्ग खदखदून हसला. मग काय, गाडी सुसाट सुटली. फोन वाजला आणि घेतला, पिक अप. बसलेला धंदा सावरला, पिक अप. घरभर पडलेला पसारा आवरला, तेही पिक अप.

“एवढासा शब्द आणि केवढी कामं!” मावशी म्हणाली. “थोरल्या सुनेची गत झाली की याची.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले.

“आणि पुस्तक न उघडता, नुसती ऐकून ऐकून एखादी भाषा यायला लागली तर?”

“पिक अप! माझा नातू तेच करतो,” मावशी म्हणाली आणि जरा थांबली. “मला जमेल का हो या वयात?”

“मघापासून दुसरं काय करताय, मावशी?”

मावशीचा चेहरा खुलला. मागे कोटवाला मात्र तसाच हिरमुसलेला. तास संपला तशी ती धीर करून त्याच्यासमोर उभी राहिली.

“साहेब, हात जोडते. वर्ग बंद करू नका. असं कुणी शिकवलं नव्हतं आम्हाला.”

कोटवाला गडबडून उठला. “मी कसला साहेब? मला इथे शिकवायला नेमलंय. आलो तर या आधीच शिकवत होत्या. म्हटलं, गेली आपली नोकरी.”

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

“नोकरी कुठे जातेय? उद्यापासून तुम्हीच शिकवायचं, आणि असंच हसवत,” बाई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. “मावशी, वर्ग बंद होत नाही. मी तपासणीलाच आले होते.”