खाली बसवलेली कडी

शेजारच्या मुलीवर अत्याचार केल्याबद्दल तुरुंगात असलेल्या माणसाची मानसिक तपासणी मी संपवली होती. अहवालात ‘धोका कमी’ असं लिहूनही झालं होतं. सुटल्यावर तो धाकट्या बहिणीकडे राहणार, म्हणून सही करण्याआधी तिचं घर बघायला गेले. “आई जाताना तिला शब्द दिलाय, दादाला अंतर देणार नाही म्हणून,” ती म्हणाली. “आणि आता तो मुंगीलाही दुखवायचा नाही हो, डॉक्टर.” त्याच्या खोलीत तिने धुतलेली चादर घातली होती. पलीकडे तिच्या पाच वर्षांच्या लेकीची खोली. दाराला आतून नवीकोरी कडी होती, माझ्या कमरेच्याही खाली. लावून बघायला मला वाकावं लागलं. “एवढी खाली?” मी विचारलं. “तिचा हात पुरायला हवा ना.” “लहानपणी तुमच्या दाराला कडी नव्हती?” ती बोटाने कडी पुसत राहिली. “होती. खूप वर होती.”