कुसाबाईचा मांडा

तिसरा मांडाही कुसाबाईच्या हातातच फाटला. पुरण चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर सांडलं, करपलं, घरभर धूर झाला. आणि ओसरीवर नातीला, निकिताला, बघायला आलेले पाहुणे! चांदवडच्या पंचक्रोशीत हातावरच कोपरापर्यंत मांडा लांबवणारी बाई ही. आज मात्र नको ती शोभा झाली.

"गहू घरचाच का?" पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं.

"गहू झकास हाय," कुसाबाई हसून म्हणाली. "हात गेला माझा."

पाहुणे गेले तसा तिचा मुलगा संतोष भडकला. "जमत नाय तर खापरापुढं बसायचं कशाला? लाज आणली!"

कुसाबाईनं खापर धुतलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. मग हळूच म्हणाली, "विहिरीजवळच्या तुकड्यात यंदा मूग कर की रे. तुझा बाप मुगावरच गहू घ्यायचा."

"मुगाला कोण इचारतं? अठ्ठ्याण्णवला कांद्यानं सोनं केलं आपलं!"

बाप गेल्यापासून त्या तुकड्यात दर पावसाळ्यात कांदाच चालला होता. कांदा निघाला की घाईघाईनं उशिराचा गहू. जमिनीला श्वास घ्यायची सोय नाही.

कुसाबाई पुन्हा खापरापुढं बसली नाही. कोणी मांडे मागितले, की दोन्ही हात पुढं करायची. "गेले हो हे," म्हणायची. लोक हसायचे. संतोषही हसायचा. दोन वर्षांनी उन्हाळ्यात ती वारली.

त्या पावसाळ्यात कांद्याचं रोप सडलं. नाइलाजानं संतोषनं मूग पेरला, त्यावर वेळेत गहू. दाणा कसा टपोरा भरला! आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आईच्या नावानं पहिली घागर पुजायची होती. संतोषच्या बायकोनं, प्रतिभानं, माळ्यावरून खापर काढलं. तिला मांडा जन्मात जमला नव्हता. आज गोळा हातावर झुलवला आणि बघता बघता तो कोपरापर्यंत आला. अख्खा.

"आईचा हात आला तुला!" संतोष म्हणाला.

शेजारच्या वत्सलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना राहवेना.

"हाताचं काय घेऊन बसलास बाबा! तुझ्या कांद्यामागच्या त्या गव्हाच्या कणकेला ताणच नव्हता. पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कुसानं माझ्या चुलीवर, माझ्या गव्हाचे मांडे केले. एक फाटला नाय. मला शपथ घातली. म्हणली, संतोषला सांगू नको. बापामागं एकटं रान वढतंय पोरगं, त्याच्या गव्हाला कुणी नाव ठेवाया नको. माझे हात काय, गेले म्हणलं तरी चालतंय."