रक्तवाढीचं टॉनिक

मुंबईच्या इस्पितळात सयाजीचं अल्सरचं ऑपरेशन झालं आणि अर्धं पोट काढून टाकलं. एका बैठकीला सात भाकऱ्या खाणारा हा गडी आपल्या गावी, कापड्याला परतला तो डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही.

आता अर्ध्या भाकरीतच त्याचा हात थांबायचा. "आणखी चतकोर तरी खावा ओ," बायको प्रयागबाई म्हणायची, तर तो ताटच सरकवायचा. सगळी वाडी हळहळली.

सहा महिन्यांनी दोघं एस.टी.नं महाडला नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. सयाजी चौदा किलो उतरला होता.

"अशा ऑपरेशननंतर उतरतंच," म्हणत डॉक्टरांनी सवयीनं प्रयागबाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. वीस वर्षं ते तिला रक्तवाढीचं टॉनिक लिहून देत होते. आज पापणी चांगली लाल होती. गालही भरले होते.

"बघा, लागू पडलं की नाही शेवटी टॉनिक?"

प्रयागबाईनं पदर सारखा केला.

"टॉनिक नाय घेतलं ओ डाक्तर. मी ह्यांच्या मागनं जेवते. आता टोपात उरतं."