हरकत मंजूर

साडू श्रीरंगच्या घरची पुरणपोळी मुकुंदाच्या घशाखाली उतरेना. शहराचा साठ वर्षांचा आराखडा आखणाऱ्या यंत्राने मेट्रोचं स्टेशन नेमकं श्रीरंगच्या माळावर टाकलं होतं. ज्या माळावर कुत्रं फिरकत नव्हतं, तिथे याचं नशीब उघडावं!

"पण मुकुंदराव, त्या माळात बुजवलेली विहीर आहे हं," श्रीरंग तूप वाढत हळूच म्हणाला. "यंत्राला पत्ता नाही."

सोमवारी नगररचना कार्यालय उघडताच मुकुंदाने यंत्रापुढे विहीर ओकली. ज्याची तिथे इंचभरही जमीन नाही, त्याचीच हरकत यंत्र ऐकत असे. ती पात्रता मुकुंदाकडे पुरेपूर होती.

"हरकत मंजूर," यंत्र म्हणालं. "स्टेशन शेजारच्या शेतात सरकवलं."

मुकुंदाचा जीव थंड झाला. "आता माळाचा मालक रडत बसेल ना?"

"माळ शुक्रवारीच चढ्या भावाने विकला गेला. जुने मालक श्रीरंग गोखले. त्याच दिवशी त्यांनी शेजारचं शेत स्वस्तात घेतलं."

खिशातला फोन वाजला.

"मुकुंदराव, रविवारी सहकुटुंब जेवायला या," श्रीरंग म्हणाला. "आणखी एक माळ घेतलाय."