कोरडी चाचणी

पडद्यावर तिचे बाबा पेला उचलत होते आणि मोजपट्टी त्यांच्या हाताचा कंप मोजत होता.

मोजपट्टी हे त्याचं डिझाइन कॉलेजच्या स्टुडिओतलं नाव. दिसेल ते मोजल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. तिघांच्या गटात मोजमाप त्याचं, परीक्षकांसमोर बोलणं वकीलबाईचं आणि लिहिणं तिचं. उद्या सकाळी परीक्षक येणार होते. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी केलेला पेला टेबलावर तयार होता: दोन्ही बाजूंना कान, आत वळलेली कड आणि कलंडू नये म्हणून जड बूड. अहवालही झाला होता. ‘चाचणी, आणि आम्ही काय शिकलो’ हे एकच पान कोरं होतं. बाबा गेल्यावर ती कालच परत आली होती. पान तिच्यासाठी ठेवलं होतं, आणि ती दोघं तिच्याशी काचेचं भांडं हाताळावं तशी वागत होती.

“तू नको म्हणालीस तर व्हिडिओ नाही दाखवणार,” वकीलबाई म्हणाली. “फोटोवर भागवू.”

दाखवू या, ती म्हणाली. बाबांना आवडलं असतं.

बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश धुऊन ठेवले, ते पुन्हा काढले नाहीत. तिघं मिळून एक पेला करताहेत हे कळल्यावर ते ठसका लागेपर्यंत हसले होते. एका पेल्याला तिघं, मग बादलीला काय अख्खं गाव बोलावणार? पण चाचणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ती पाणी भरायला निघाली तर तिला खाली बसवलं, आज परीक्षा माझी आहे म्हणाले, आणि स्वतः आत जाऊन पेला भरून आणला. व्हिडिओत नळाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

मोजपट्टीने व्हिडिओ अगदी संथ केला. पेला ओठांपर्यंत गेला, तिरपा झाला, मान मागे गेली. हात जवळजवळ स्थिर. मोजपट्टी खुशीत आकडे टिपत होता. दोघांचे डोळे हातावर होते. ती बाबांच्या गळ्याकडे बघत होती.

गळा हलत नव्हता.

“मागे घे,” ती म्हणाली.

त्याने मागे घेतलं. पेला पुरता उताणा झाला, आणि गळ्यातली घाटी जागची हलली नाही. त्या दिवशी पेला धुवायला घेतला तेव्हा तो आतून कोरडा लागला होता, हे तिला आता आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, कड काय झकास जमलीय, थेंबसुद्धा मागे राहत नाही.

“ते पीत नाहीयेत. पेला रिकामा आहे.”

मोजपट्टीने पडद्याला नाक लावलं. वकीलबाई हळू आवाजात म्हणाली, की परीक्षक काही या वेगाने बघणार नाहीत. मनाने ती वाईट नव्हती. सगळं सत्र त्या पेल्यात गेलं होतं, तिघांचंही.

ती उठली. टेबलावरचा पेला नळाखाली काठोकाठ भरला आणि वकीलबाईच्या हातात दिला. दोन्ही हातांनी, पुढे धर. वकीलबाईने धरला. थोडा वेळ काही झालं नाही. मग पाणी हलायला लागलं, आणि थोड्या वेळाने ते तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळलं.

“वजन आपण रिकाम्याचंच केलं होतं,” मोजपट्टी म्हणाला.

शेवटी शेवटी तसाच एक पेला बाबांच्या उशाशी असे. ती फोन करी तेव्हा आई कौतुकाने सांगे, दुसऱ्या भांड्याला हात लावू देत नाहीत गं, लेकीचाच पेला लागतो. कोणी पाजायला गेलं तर तेही नको, माझं मी पितो म्हणतात. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे पाणी पीत नव्हते का? आई दुखावून म्हणाली होती, असं कसं, भरलेला पेला कायम उशाशी असायचा.

यातलं तिने दोघांना काही सांगितलं नाही. ती संगणकापुढे बसली आणि कोऱ्या पानावर लिहू लागली. वापरणाऱ्याने पेला रिकामाच उचलला. भरलेला त्याला जड होता. आमचं मन राखायला त्याने तसं सांगितलं नाही. मग ‘आम्ही काय शिकलो’ याच्याखाली तिने एकच ओळ लिहिली: आम्ही तिघंही हाताकडे बघत होतो.

वकीलबाईने खांद्यावरून वाचलं. ओला हात ती अजून ओढणीला पुसत होती.

“हे उद्या मी कसं बोलू?”

“लिहिलंय तसं.”

मोजपट्टीने विचारलं, व्हिडिओ बंद करू का? ती नको म्हणाली. संपू दे.

त्याने तो नेहमीच्या वेगावर सोडला. बाबांनी पेला अलगद टेबलावर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिच्याकडे, बघितलं.

“बघ. एक थेंब सांडला नाही.”

मग इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने त्यांनी कोरडे ओठ नीट पुसले.